कचेरी सुटल्यानंतरची वीज

२९ फेब्रुवारी २०२० पासून राज्यातल्या सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा लागू झाला. वेळ ठरली सकाळी पावणेदहा ते संध्याकाळी सव्वासहा. दिवसाचे साडेआठ तास, आठवड्याचे साडेबेचाळीस. आठवड्याचे एकूण तास १६८. म्हणजे सव्वाशे तास इमारतीला कुलूप असते आणि मीटर मात्र फिरतच राहतो. वीजबचतीची चर्चा निघाली की आपण कामाच्या वेळेतल्या दिव्यापंख्यांबद्दल बोलतो. ते बोलायलाच हवे. पण भंडारा जिल्ह्यातल्या कोणत्याही कचेरीत बचतीला सुरुवात करायची असेल, तर ती या कुलूपबंद सव्वाशे तासांपासून करा, असा माझा आग्रह आहे. तिथे कुणाच्या सोयीला धक्का लागत नाही, खर्च जवळजवळ नाही आणि फरक पहिल्याच बिलात दिसतो.

पंधरा वर्षांपूर्वी सभागृह म्हणजे ट्यूबलाइट, पंखे आणि एक माइक. आज जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषदच काय, तुमसर-साकोलीपासून लाखांदूर-पवनीपर्यंतची तहसील कार्यालये, पंचायत समित्या, बँका, पतसंस्था, महाविद्यालये यांत कुठे प्रोजेक्टर आहे, कुठे भिंतीएवढा टच पॅनेल. जोडीला व्हिडिओ कॉन्फरन्सचा (व्हीसी) कॅमेरा, अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर, कॉर्डलेस माइकचे चार्जर, सेट टॉप बॉक्स, यूपीएस आणि दारात सूचना दाखवणारा टीव्ही. यातली बरीचशी यंत्रे रिमोटने ‘बंद’ होतात. रिमोटने बंद केलेले यंत्र झोपलेले असते, बंद नसते. बंद सभागृहाच्या काचेतून रात्री आत डोकावले तर एखाद्या पडद्यावर ‘नो सिग्नल’ची निळी चौकट इकडून तिकडे फिरताना दिसते. खाली अ‍ॅम्प्लिफायरचा लाल दिवा. हात लावून पाहिला तर त्याचा पत्रा कोमट लागतो. ती ऊब विजेचीच.

पहिले काम मीटर वाचण्याचे. संध्याकाळी कचेरी सुटताना रीडिंग लिहा, दुसऱ्या दिवशी सकाळी उघडताना पुन्हा लिहा. सव्वासहा ते पावणेदहा म्हणजे साडेपंधरा तास. समजा, या वेळात १२.४ युनिट गेले. भागाकार केला की ८०० वॅट येतात. कचेरीत माणूस नसताना रात्रभर सरासरी ८०० वॅटचा भार चालू होता, असा त्याचा अर्थ. आठवड्याच्या सव्वाशे तासांना हे साधारण १०० युनिट, वर्षाला ५,२००. हिशेबाच्या सोयीसाठी युनिटला १० रुपये धरले तर ५२ हजार रुपये. तुमच्या बिलावरचा खरा दर घालून हाच गुणाकार करा. मोठ्या इमारतीत सीटी मीटर असेल तर मीटरवरचा आकडा तसाच धरू नका. बिलावर छापलेल्या गुणकाने त्याला गुणा. छतावर सौरसंच असेल तर फक्त आयातीचा आकडा पाहा. नवे टीओडी मीटर बसले असतील, तर महावितरणच्या अ‍ॅपवर कोणत्या वेळी किती वीज गेली हे दिसू शकते. मग रात्री कुणाला मीटरपाशी जायलाही नको.

हे ८०० वॅट सगळे वाया गेलेले नसतात. सीसीटीव्ही आणि त्याचा डीव्हीआर, नेटवर्कचा स्विच, आगीची सूचना देणारी यंत्रणा, फाटकावरचा दिवा एवढे रात्री चालायलाच हवे. त्यांची यादी करा, प्रत्येकाचे वॅट लिहा, बेरीज करा. उरलेल्या वॅटांना मालक शोधायचा. प्लगमध्ये लावायचा छोटा वॅटमीटर हजार-दीड हजारात मिळतो. तो एकेका यंत्राला लावत इमारतभर फिरलात की चोर सापडतात. बहुतेक ठिकाणी वॉटर कूलर, सेट टॉप बॉक्स, अ‍ॅम्प्लिफायर आणि टेबलाटेबलाखालचे छोटे यूपीएस या यादीत वर असतात. यूपीएसवर संगणक चालू नसला तरी तो स्वतःसाठी पाच-दहा वॅट घेतोच, आणि अशी यंत्रे एका इमारतीत पन्नास-साठ निघतात.

आता सभागृहाकडे येऊ. खरी गुंतागुंत इथे आहे.

सभागृहातला प्रोजेक्टर छताला टांगलेला असतो आणि त्याची वायर बहुधा थेट वरच जोडलेली असते. खाली बटणच नाही, मग तो बंद करणार कोण? आधी वीजतंत्र्याला बोलावून प्रोजेक्टर, पॅनेल, अ‍ॅम्प्लिफायर, मिक्सर, चार्जर या सगळ्यांची वीज एका वेगळ्या सर्किटवर घ्या. त्याचे बटण दाराजवळ, हात पोहोचेल अशा उंचीवर, दिव्याच्या खुणेसकट बसवा. बटण दोन पोलचे असू द्या, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तुटतात. व्हीसीचे यंत्र आणि नेटवर्क मात्र या सर्किटवर नकोत. वरिष्ठ कार्यालयाकडून तपासणीची जोडणी अवेळी येते आणि काही यंत्रे रात्रीच अपडेट घेतात. त्यांना चालू राहू द्या. मात्र त्यांचा टीव्ही बंद हवा.

बटण बसवल्यावर क्रम शिकवावा लागतो. प्रोजेक्टर आधी रिमोटने बंद करायचा, पंखा थांबेपर्यंत थांबायचे, मगच मुख्य बटण दाबायचे. दिव्याच्या प्रोजेक्टरची वीज तापलेला असताना एकदम तोडली तर दिव्याचे आयुष्य घटते आणि नवा दिवा स्वस्त नसतो. अ‍ॅम्प्लिफायर चालू करताना सगळ्यात शेवटी, बंद करताना सगळ्यात आधी. नाहीतर स्पीकरमधून धप्प आवाज येतो आणि कधी कधी स्पीकर जातोही. टच पॅनेलच्या पोटात स्वतंत्र संगणक असेल तर तो वेगळा शट डाउन करायचा. हे चार टप्पे मोठ्या मराठी अक्षरात लिहून बटणाच्या वर चिकटवा. जिथे बैठका रोजच्या आहेत तिथे पॉवर सिक्वेन्सर घ्यावा. एकाच किल्लीने तो ही यंत्रे ठरलेल्या क्रमाने चालू-बंद करतो. मोठ्या सभागृहाला तो शोभतो. पंचायत समितीच्या हॉलला कागदावरचे चार टप्पे पुरतात.

प्रोजेक्टरच्या मेनूत दोन गोष्टी पाहा. एक, इको मोड. त्यात उजेड थोडा कमी होतो, पण वीज बरीच वाचते, पंख्याची घरघर कमी होते आणि दिवा जास्त टिकतो. दोन, नेटवर्क स्टँडबाय. तो चालू असेल तर झोपलेला प्रोजेक्टरही जास्त वीज ओढतो. नको असेल तर बंद करा. आपल्या जिल्ह्यात तिसरी गोष्टही लागते, ती म्हणजे जाळी. धानाचा हंगाम आणि भातगिरण्यांतल्या तुसाचा बारीक धुरळा यांनी प्रोजेक्टरची जाळी महिन्याभरात भरते. मग आतला पंखा जोरात फिरतो, दिवा तापतो, चित्र मळकट होते आणि चित्र स्पष्ट दिसावे म्हणून आपण इको मोड काढून टाकतो. जाळी काढून मऊ ब्रशने साफ करायला पाच मिनिटे लागतात.

टीव्ही आणि पॅनेलचे चित्र दुकानात ठेवल्यासारखे भडक ठेवलेले असते. एलसीडी पडद्यात वीज खाणारा मुख्य भाग म्हणजे चित्रामागचा उजेड. पिक्चर मोड ‘डायनॅमिक’ किंवा ‘व्हिव्हिड’ असेल तर ‘स्टँडर्ड’ करा, बॅकलाइट कमी करा, खोलीतल्या उजेडाप्रमाणे तो आपोआप बदलण्याची सोय असेल तर ती चालू ठेवा. दारातल्या सूचनेच्या टीव्हीला ऑन-ऑफ टायमर मेनूतच असतो. सकाळी साडेनऊला चालू, संध्याकाळी साडेसहाला बंद, शनिवार-रविवार सुट्टी. ८० वॅटचा एक टीव्ही चोवीस तासांऐवजी एवढाच चालला तर आठवड्याला दहा युनिट वाचतात. संगणकावरचा स्क्रीनसेव्हर मात्र काहीच वाचवत नाही. दहा मिनिटांत पडदा झोपेल, अशी सेटिंग लागते.

सभागृहातल्या दिव्यांचा प्रश्न बटणांच्या मांडणीत आहे. पडद्यावर काही दाखवायचे असले की समोरचे दिवे अडचणीचे होतात, पण सगळ्या रांगा एकाच बटणावर असतात. म्हणून सगळेच दिवे बंद होतात, टिपणे घेणाऱ्यांना दिसेनासे होते आणि सगळे पुन्हा लागतात. चित्र फिके पडले म्हणून मग प्रोजेक्टरचा उजेड वाढवला जातो. पडद्याजवळची रांग, मधल्या रांगा आणि मागची रांग यांची बटणे वेगळी करा. वायरमनचे एका दिवसाचे काम आहे.

व्हीसीच्या वेळी आणखी एक गंमतशीर उधळपट्टी दिसते. अधिकाऱ्यांची खुर्ची खिडकीकडे पाठ करून ठेवलेली असते. मागून ऊन, चेहरा काळा. कॅमेऱ्यात चेहरा दिसावा म्हणून भरदुपारी पडदे ओढले जातात आणि वीस-पंचवीस दिवे लावले जातात. टेबल फिरवा. खिडकी चेहऱ्यासमोर किंवा बाजूला आली की तिच्या उजेडात, एक-दोन दिव्यांच्या मदतीने चित्र स्वच्छ येते. टेबल फिरत नसेल तर चेहऱ्यासमोर एक पसरट एलईडी दिवा लावा. छतावरचे पंचवीस दिवे डोक्यावर उजेड पाडतात, चेहऱ्यावर नाही.

बाकी कचेरीतल्या प्रकाशाबद्दल थोडक्यात. जुन्या ३६ वॅटच्या ट्यूबला चोकसकट साधारण ४८ वॅट लागतात, तेवढाच कामापुरता उजेड २० वॅटची एलईडी बॅटन देते. दिवसाला साडेआठ तास आणि वर्षाला २४५ दिवस धरले तर एका जागी ५८ युनिट वाचतात. अडीचशे-तीनशे रुपयांची बॅटन वर्षभरातच फिटते. चोक न काढता एलईडी ट्यूब बसवू नका. छतापेक्षा टेबलावर उजेड किती पडतो ते पाहा. लिहिण्या-वाचण्याच्या टेबलाला ३०० ते ५०० लक्स लागतात, व्हरांड्याला शंभरच्या आसपास. मोबाइलवरचा लक्समीटर अगदी अचूक नसतो, पण इथे गरजेपेक्षा दुप्पट उजेड आहे की काय, हे त्याने कळते. अभिलेख कक्ष, प्रसाधनगृह, जिना येथे हालचालीवर चालणारे सेन्सर लावा. बैठकीच्या खोलीत मात्र साधा सेन्सर फसतो, कारण माणसे तासभर स्थिर बसतात आणि दिवे विझतात. तिथे हाताने लावायचा आणि खोली रिकामी झाल्यावर दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप विझणारा प्रकार घ्या.

भंडाऱ्याच्या उन्हाने दिवसा दिवे लावायची गरजच पडू नये. पण उन्हाबरोबर उष्णता आत येते आणि नवतपात ती सोसत नाही, म्हणून खिडक्या झाकून दिवे लावण्याची सवय लागली. उपाय दिशेप्रमाणे बदलतो. आपण साधारण २१ अंश अक्षांशावर आहोत. उन्हाळ्यात दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीला छोटा छज्जाही पुरतो. पश्चिमेच्या खिडकीला छज्ज्याचा उपयोग नाही, ऊन तिरपे शिरते. तिथे बाहेरून बांबूच्या तट्ट्या, चिकाचे पडदे किंवा झाड हवे. पडदा काचेच्या आत असला तर उष्णता आधीच आत आलेली असते. उत्तरेची खिडकी मात्र कधीच झाकू नका. तिथली टेबले दिवसा दिव्याशिवाय चालतात आणि त्या रांगेचे बटण वेगळे असले की झाले. काचेवरची धूळ आणि खिडकीला टेकवलेली फायलींची कपाटे हटवली तर आणखी एक-दोन रांगा वाचतात.

आवारातल्या आणि दर्शनी दिव्यांचा ठराविक वेळेचा टायमर आपल्याकडे वर्षभर चालत नाही. डिसेंबरात साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, जूनमध्ये सातच्या सुमारास. अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल टायमर तारखेप्रमाणे स्वतःच वेळ बदलतो, तोच घ्या. १५ ऑगस्ट, २६ जानेवारीची रोषणाई अवश्य करावी, पण ती उतरवण्याची तारीखही त्याच आदेशात लिहावी.

यंत्रांचा प्लग काढण्याला या जिल्ह्यात आणखी एक कारण आहे. पूर्व विदर्भात मृगापासून विजांचा कडकडाट सुरू होतो आणि दर पावसाळ्यात कुठल्या ना कुठल्या कचेरीतला टीव्ही, राउटर किंवा अ‍ॅम्प्लिफायर जळतो. साधे बटण बंद केल्याने फक्त फेज तुटते, न्यूट्रल आणि केबल जोडलेल्याच राहतात. म्हणून शुक्रवारी संध्याकाळी प्लग काढा, डिशची आणि नेटवर्कची केबल काढता येत असेल तर तीही काढा. मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्टर बसवा. उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी टाकायला विसरू नका.

सुरक्षेबद्दल या जिल्ह्याला वेगळे सांगायला नको. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळे गेली. त्यानंतर राज्यभरातल्या रुग्णालयांच्या अग्निसुरक्षा तपासणीचे आदेश निघाले. ती जखम इथे कुणी विसरलेले नाही. वीजबचतीची फेरी आणि सुरक्षेची फेरी एकदमच करा. एका प्लगवर तीन एक्स्टेंशन, गालिच्याखालून गेलेली वायर, काळवंडलेला सॉकेट, फॉल्स सीलिंगवर तापलेला एलईडीचा ड्रायव्हर, रात्रभर चालणारा चार्जर हे दोन्ही फेऱ्यांत सापडतात.

आपण जाळतो ती वीज येते कुठून, हेही आपल्याला दूर शोधावे लागत नाही. नागपूरच्या वाटेवरच्या मौद्याला एनटीपीसीचे २,३२० मेगावॅटचे केंद्र आहे आणि त्याला पाणी मिळते गोसीखुर्दच्या जलाशयातून. तुमसरच्या पलीकडे, गोंदिया जिल्ह्यात तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे केंद्र आहे, तेही वैनगंगेच्या पाण्यावर. कोळशाच्या विजेच्या एका युनिटमागे साधारण सहाशे-सातशे ग्रॅम कोळसा जळतो. बंद सभागृहात फिरणाऱ्या त्या निळ्या चौकटीसाठीही तो जळतो आणि आपल्याच नदीचे पाणी आटते. रोवणीच्या वेळी पाण्यासाठी कालव्याकडे डोळे लावून बसणाऱ्या जिल्ह्याने ही गोष्ट मनावर घ्यावी, असे मला कळकळीने वाटते.

हे सगळे करणार कोण, यावर बहुतेक मोहिमा अडतात. ‘वीज वाचवा’ची पाटी सगळ्यांसाठी असते, म्हणून ती कुणाचीच नसते. पाच दिवसांच्या आठवड्याच्या निर्णयात शिपायांची वेळ साडेनऊ ते साडेसहा ठेवली आहे. संध्याकाळची ही पाव तासाची फट फार उपयोगाची आहे. सगळे गेल्यावर इमारतीतून एक फेरी मारायला तेवढा वेळ पुरतो. पण फेरीचे काम सोपे करून द्या. प्रत्येक बटणावर रंगाची पट्टी चिकटवा. लाल म्हणजे कधीच बंद करायचे नाही, हिरवी म्हणजे जाताना बंद. नवा माणूस आला तरी चुकणार नाही आणि सर्व्हरचे बटण दाबले जाईल या भीतीने सगळेच चालू ठेवण्याची वेळ येणार नाही. फेरी मारणाऱ्याच्या हाती मीटरच्या नोंदीची वही द्या आणि महिन्याच्या बैठकीत ते आकडे त्यालाच वाचू द्या. आकडा खाली आला तर श्रेय त्याचे आहे आणि ते त्याला सगळ्यांसमोर मिळायला हवे.

नवी खरेदी करताना जेम पोर्टलवर फक्त इंच आणि किंमत पाहून मागणी टाकू नका. स्टँडबायला अर्ध्या वॅटपेक्षा कमी वीज, ऑन-ऑफ टायमर, दिव्यांसाठी वॅटमागे शंभरावर ल्यूमेन, पॉवर फॅक्टर ०.९ किंवा जास्त, सर्जपासून संरक्षण आणि जाळी आणि दिवा सुटे मिळण्याची सोय या अटी निविदेतच लिहा. पंखे घेताना बीएलडीसी घ्या, ७५ वॅटच्या जागी तीसच्या आसपास लागतात. खोलीला गरज असेल तेवढाच पडदा घ्या. वीस माणसांच्या खोलीत भिंतभर पॅनेल लावून तो दहा वर्षे पोसण्यात अर्थ नाही. ऊर्जा लेखापरीक्षण करायचे असेल तर महाऊर्जाकडे विचारणा करा. हे काम राज्यात त्यांच्याकडे आहे आणि त्यांनी नोंदवलेल्या संस्था ते करून देतात. सौरसंचाचा प्रस्ताव असेल तर आधी ही सगळी बचत करा, मग संचाचा आकार ठरवा. नाहीतर वाया जाणाऱ्या विजेसाठी पॅनेल विकत घ्याल.

शेवटची गोष्ट लेखा शाखेसाठी. दिवे, पंखे, पडदे बदलल्यावर तीन-चार महिन्यांच्या बिलांवरची कमाल मागणी पाहा. ती मंजूर मागणीपेक्षा बरीच खाली राहत असेल, तर महावितरणकडे मंजूर मागणी कमी करण्याचा अर्ज करा. वीस किलोवॅटवरच्या जोडणीत स्थिर आकार मागणीवर बसतो आणि तो युनिट वाचवून कमी होत नाही, अर्ज करूनच कमी होतो. अर्जाआधी एप्रिल-मेची बिले मात्र जरूर पाहून घ्या, कारण कूलर आणि एसी चालू असताना मागणी सगळ्यात वर जाते आणि मंजुरी ओलांडली की दंड लागतो.